सतरा सप्टेंबरनंतरची दादी

दादीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९३५ अशी छापली आहे. आमच्या मोहल्ल्यातली तिच्या वयाची बहुतेक म्हातारी माणसं १ जानेवारीलाच जन्मलेली आहेत आणि त्यांच्या मुलांची पिढी, शाळामास्तरांच्या कृपेने, १ जूनला. दादीचा स्वतःचा हिशोब वेगळा होता. “पुलिस एक्शन हुआ तब मेरे शादीकू दूसरा साल लगा था,” असं ती सांगायची. शादी झाली तेव्हा ती पंधरा-सोळाची असावी. म्हणजे जन्म १९३१ किंवा ३२ चा. २०२३ च्या हिवाळ्यात तिचा इंतकाल झाला तेव्हा तिने नव्वदी ओलांडली होती.

मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत ‘पुलिस एक्शन’ हा शब्द कालगणनेसारखा वापरतात. अमक्याचा जन्म पुलिस एक्शनच्या आधीचा, तमकी विहीर पुलिस एक्शननंतरची. शाळेच्या पुस्तकात त्याच घटनेला हैदराबाद मुक्तिसंग्रामाची सांगता म्हटलेलं असतं, आणि १७ सप्टेंबरला आम्ही धुतलेला गणवेश घालून झेंडावंदनाला जायचो. एकाच दिवसाची ही दोन नावं मी लहानपणापासून ऐकत आलो. त्या दिवसावर पुष्कळ लिहिलं गेलंय. एका बाजूची पुस्तकं १७ सप्टेंबरला संपतात. दुसऱ्या बाजूची त्यानंतरच्या मृतांच्या आकड्याशी थांबतात. त्यापुढे उरलेल्या माणसांनी त्याच गावांत, त्याच शेजाऱ्यांत पाऊणशे वर्षं कशी काढली, हे कुठेच फारसं येत नाही. दादीची हयात ही सगळी त्या न लिहिलेल्या काळातली.

आमचं घर मनियारांचं. गाव तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गच्या पलीकडे, सोलापूर-हैदराबाद रस्त्यापासून थोडं आत. आपल्याकडे बांगड्या विकणारे दोन, हिंदूंमध्ये कासार आणि मुसलमानांत मनियार. आमच्या गावात दोन्ही घरं होती. माल एकच, फिरोजाबादची काच, सोलापूरच्या बाजारातून आणायची. गिऱ्हाईकही एकच. पण गावं वाटून घेतलेली होती आणि ती वाटणी कुणी कागदावर लिहिली नव्हती. ओढ्याच्या पलीकडची गावं कासारांची, अलीकडची आमची. तुळजापूरच्या आश्विनातल्या यात्रेत मात्र दोघंही शेजारी-शेजारी दुरड्या मांडायचे.

जे या धंद्यात नाहीत त्यांना बांगडीवाल्याचं गावातलं स्थान कळणार नाही, म्हणून जरा सांगतो. बाईच्या हाताला हात लावण्याची मुभा परक्या माणसात त्यालाच. लग्नाचा हिरवा चुडा तो भरतो, डोहाळजेवणाला तोच, संक्रांत-पंचमीला तोच. बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, ‘वाढली’ म्हणतात, आणि वाढलेली बांगडी भरायलाही तोच. बांगड्या भरून झाल्या की बाया भरणाऱ्याला नमस्कार करतात, मग तो मनियार असो की कासार. कोणत्या घरात नवी सून आली, कोण पोटुशी आहे, कोणाच्या हाताचं हाड दिसायला लागलंय, हे त्याला पाटलाच्या आधी कळतं.

आता १९४८. वाचकांना साधारण माहीत असतं, तरी आमच्या भागापुरतं थोडक्यात. रझाकार संघटनेचा सर्वेसर्वा कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १९८२ मध्ये झाला. रझाकारांनी या भागात जे केलं ते खरं आहे. लूट, जाळपोळ, खून. दादीने ते कधी नाकारलं नाही. आमच्या गावात रझाकार आले तेव्हा त्यांनी कासारांच्या घरातलं धान्य नेलं, आणि तिच्या सासऱ्याकडून वर्गणी घेतली. सासऱ्याने वर्गणी दिली, वर्दी घातली नाही. आज घरबसल्या कुणी विचारेल की वर्गणी तरी का दिली. त्याला हैदराबादच्या ‘इमरोज’ वर्तमानपत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांची आठवण करून द्यावी लागते. मुसलमान असून त्यांनी रझाकारांविरुद्ध लिहिलं, आणि २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री त्यांना रस्त्यात गाठून मारण्यात आलं. खेड्यातल्या बांगडीवाल्याने काय करायला हवं होतं, हे मला ठरवता येत नाही.

१३ सप्टेंबरला पहाटे सोलापूरकडून फौज आत आली. पहिली चकमक नळदुर्गजवळच झाली. बोरी नदीवरचा पूल भारतीय सैन्याने ताब्यात घेतला आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. दादीच्या आठवणीत रणगाड्यांचा आवाज होता आणि दिवसभर भुंकणारी कुत्री. १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. त्यानंतर जे झालं त्याची सरकारी नोंद आहे. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी या तिघांची समिती नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरली. सोळापैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले. अतिशय सावध अंदाजाने संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असं त्यांनी लिहिलं. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वांत जास्त होरपळलेले चार जिल्हे, आणि या चारांत मिळून १८ हजारांपेक्षा कमी नाहीत. बाहेरून, सोलापूरकडून आलेल्या हत्यारबंद टोळ्यांचा उल्लेख अहवालात आहे. काही ठिकाणी खुद्द सैन्य-पोलिसांतल्या माणसांवर ठपका आहे, तर काही ठिकाणी सैन्याने लोकांना वाचवल्याचंही त्यात म्हटलंय. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. ए. जी. नूरानी यांच्या हैदराबादवरच्या पुस्तकात तो २०१३ मध्ये छापून आला, तेव्हा दादी ऐंशी पार होती. मी तिला त्यातला आकडा सांगितला. तिने विचारलं, “उसमें अपने गाव का नाम है क्या?” मी चाळून पाहिलं होतं. नव्हतं.

अहवालातलं एक वाक्य मात्र मला आमच्या गावाबद्दलच लिहिल्यासारखं वाटतं. समितीला असं आढळलं की जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदू ठिकठिकाणी होते, आणि एकाच धंद्यातल्या माणसांत ही आपुलकी विशेष घट्ट होती. उदाहरण दिलंय विणकरांचं. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी स्वतःची माणसं गमावली. आमच्या गावात ते कासारांनी केलं. भादव्याचे दिवस. जुनी ज्वारी संपत आलेली, त्यामुळे कासारांच्या घरातलं बळद रिकामं होतं. बळद म्हणजे भिंतीच्या आत बांधलेली धान्याची कोठी, वरून तोंड. त्यात दादी, तिची सासू, जाऊ आणि जावेचं तान्हं पोर यांना उतरवलं आणि वर कडबा टाकला. तीन रात्री. पोर रडू नये म्हणून कासारीणकाकू आपल्या घरी मुद्दाम जात्यावर दळत बसायच्या. पीठ नव्हतंच दळायचं, जातं नुसतं फिरायचं. दादी हे सांगताना हाताने जातं फिरवून दाखवायची.

त्या तीन दिवसांत तिचा जेठ मारला गेला. मारणारे गावचे नव्हते, पण सगळेच बाहेरचेही नव्हते. शेजारच्या एका गावातले काही जण त्यात होते. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. सासरे शेताकडे गेले ते परत आले नाहीत. प्रेत मिळालं नाही. माझे आजोबा माल आणायला सोलापूरला गेलेले होते म्हणून वाचले आणि दीड महिन्याने परतले.

मोहल्ल्यात त्या वर्षी इतक्या बायका एकाच वेळी इद्दतीत होत्या की पाणी भरायला विहिरीवर कुणी जायचं हा प्रश्न झाला. ज्यांचे मय्यत दफन झाले त्यांना निदान दिवस मोजता येत होते. चार महिने दहा दिवस. पण जे नुसते गेले त्यांच्या बायकांचं काय? हा फिक्हमधला जुना, अवघड मसला आहे. बेपत्ता नवऱ्याची वाट किती बघायची? हनफी मताप्रमाणे जवळजवळ त्याचं आयुष्य संपेपर्यंत. मालिकी मताप्रमाणे चार वर्षं, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने हीच चार वर्षांची मुदत घेतली. पण आमच्या गावात ना मुफ्ती होता, ना वकील. माझ्या पणजीने स्वतःपुरता निकाल लावला. तिने बांगड्या उतरवल्या नाहीत. “आया तो क्या बोलेगा?” एवढंच म्हणायची. दर ईदला सून तिच्या हातात नव्या बांगड्या भरायची. १९६१ मध्ये पणजी वारली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या आणि गुस्ल देताना त्या दादीनेच काढल्या. तेरा वर्षं. मुक्तिसंग्रामाच्या आणि पुलिस एक्शनच्या इतिहासात या तेरा वर्षांना जागा कुठे आहे, ते मला अजून सापडलेलं नाही.

आजोबा परत आले, पण दुरडी घेऊन गावांत जायचं धाडस त्यांना पुन्हा झालं नाही. रस्त्यावर चार माणसं एकत्र दिसली की ते घरी वळायचे. ते ओट्यावर बसून बांगड्या सुतळीत ओवायचे, हिशोब लिहायचे, उर्दूत. फिरायला लागली दादी. वय सतरा-अठरा. मालाला पैसे नव्हते. पहिली दुरडी कासारांनी उधार भरून दिली. मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची बाब. मनियारांची गावं त्या वर्षात कासारांना आयती मिळाली असती. सासरा नाही, जेठ नाही, दीर नाही, नवरा घराबाहेर पडत नाही. कासारांनी ओढ्याची हद्द ओलांडली नाही. जुनी न लिहिलेली वाटणी त्यांनी पाळली. बळदात लपवणं ही मोठीच गोष्ट, पण ती तीन रात्रींची होती. हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

जेठाच्या खुनात ज्या गावची माणसं होती ते गाव आमच्या वाट्याचं होतं. दादी तिथे सात वर्षं गेली नाही. तिथल्या बायका बाजारच्या दिवशी नळदुर्गला येऊन बांगड्या भरून घ्यायच्या आणि तिच्याकडे मान खाली घालून बसायच्या. मग एका लग्नाला त्या गावची एक म्हातारी स्वतः चालत आमच्या घरी आली. नातीचा चुडा भरायचा होता आणि तिला तो जुन्या मनियारांच्या घरूनच हवा होता. दादी गेली. ज्या घरात चुडा भरला ते कुणाचं होतं हे तिला माहीत होतं. मी मोठा झाल्यावर तिला विचारलं, कशी गेलीस? ती म्हणाली, “मैं हात देखती थी, मूं नहीं.” यावर मी अजून काही विचारणार होतो, पण तिने विषय बदलला. माफ केलंस का, असा प्रश्न पुस्तकी माणसाच्या तोंडी येतो. तिला तो कळलाही नसता. पोरीचा चुडा होता, मुहूर्त ठरलेला होता.

बायका नळदुर्ग-तुळजापूर पट्ट्यात पायी फिरतात, हे त्या काळी मुसलमानांत काही चांगलं मानलं जात नव्हतं. मोहल्ल्यातून बोलणी बसली. दादीने ती ऐकून घेतली आणि मग एकेक करून त्याच घरांतल्या बेवांना आपल्याबरोबर घेतलं. कुणाला बांगड्या, कुणाला सुया-दोरे-कुंकवाच्या डब्या. हो, कुंकवाच्या डब्याही. गावांकडची वाट दोघी-तिघींनी मिळून चालायची, परतताना दिवस बुडायच्या आत ओढा गाठायचा, हा नियम. त्यांची एक भिशी होती. आठवड्याला आणे जमवायचे, आणि पाळी क्रमाने नाही तर गरजेने. गरज कुणाची मोठी हे दादी ठरवायची. त्यावरून भांडणंही व्हायची. दादी फार हट्टी होती आणि एखादी बाई मनातून उतरली की उतरली. ती काही फरिश्ता नव्हती.

भाषेचं मात्र तिला फार लवकर उमगलं. संस्थानात कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवत होतं. सप्टेंबर १९४८ नंतर ती सगळी शिडी काढून घेतली गेली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. आजोबांचा आग्रह होता की मुलांनी उर्दूतच शिकावं, आणि तो समजण्यासारखा होता. त्यांचं सगळं जग त्या लिपीत होतं. दादीला वाचता यायचं ते फक्त कुरआनचं नाजरा. पण ती म्हणाली, “तलाठी जिस जबान में लिखता, वो जबान बच्चे सीखेंगे.” सासऱ्याच्या नावची चार एकर जमीन त्या गोंधळात दुसऱ्याच्या कब्जात गेली होती आणि सातबारा वाचायला घरात कुणी नव्हतं, हे त्यामागचं कारण. जमीन परत मिळाली नाही. अब्बा मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकले आणि पुढे तिथेच मास्तर झाले. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अब्बा एस.टी.ने गेले होते. मराठी मुसलमानांनी मराठी का धरली यावर अनेक परिसंवाद झालेत. आमच्या घरात ती चार एकरांमुळे आली.

बहात्तरच्या दुष्काळात धंदा बसला. पाणी नाही, पीक नाही, लग्नं नाहीत, तर बांगड्या कोण भरणार? सगळा गाव खडी फोडायला रोजगाराच्या कामावर. दादीही. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि पोरांना सुकडी. ती मिलोची भाकरी तिने पुढे आयुष्यभर शिवीसारखी वापरली, “मिलो के जैसा मूं करको नक्को बैठ.” खडी फोडताना पहिल्यांदा जातात त्या हातातल्या बांगड्या. मोकळ्या हाताने घरी जायचं बायकांच्या जिवावर यायचं. दादी पदराच्या गाठीत डझनभर साध्या काचेच्या बांगड्या बाळगायची आणि दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली भरून द्यायची. पैसे पगाराच्या दिवशी, तेही जमले तर. त्याच काळात प्लास्टिकच्या बांगड्या आल्या. फुटत नाहीत म्हणून खडीवर त्या चालल्या. दादीला त्यांचा राग होता. आवाज नाही, म्हणायची.

या सगळ्या वर्षांत तिचं दुसरं काम चालूच होतं, मोहल्ल्यात आणि आसपासच्या गावांत बायकांच्या मय्यतीला गुस्ल देण्याचं. छोट्या गावात मुसलमानांची दोन-तीनच घरं असतात. तिथे बाई वारली तर गुस्ल द्यायला कुणी नसतं. रात्री-अपरात्री बैलगाडी यायची, नंतरच्या काळात मोटारसायकल. ती कफनाचा कापड घरात आणून ठेवायची. पैसे घ्यायची नाही. १९८० नंतर संजय गांधी निराधार योजना आली तेव्हा कुठली बाई बेवा आहे, कुणाला मूल नाही, हे तिला तोंडपाठ असल्याने अर्ज भरायला अब्बांना घेऊन ती गावं फिरली. हिंदू-मुसलमान असा वेगळा कागद तिने केला नाही. केला असता तर गावं जास्त लागली असती.

१९९३ चा भूकंप. तिचं माहेर आजच्या लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या बाजूला. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लोक गणपती विसर्जनाहून येऊन नुकते झोपले होते. किल्लारी लातूरमध्ये म्हणून भूकंपाला तिचं नाव पडलं, पण आमच्या जिल्ह्यातली गावंही तशीच सपाट झाली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मारलं ते घरांनी. दगड मातीत रचून केलेल्या हात-दीड हात जाडीच्या भिंती आणि वर माळवद. लाकडाच्या दांड्यांवर फूट-दोन फूट माती, उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात ऊबदार, आणि त्या पहाटे सगळी अंगावर.

दादी तेव्हा साठीत. दुसऱ्या दिवशी अब्बांबरोबर ट्रकमधून गेली. भावजय आणि भावाचा नातू ढिगाऱ्यात होते. पाऊस सुरू झाला होता, चेहरे ओळखू येत नव्हते, आणि प्रेतं भराभर हलवावी लागत होती. कुणाला दफन करायचं आणि कुणाला अग्नी द्यायचा हेही कळेना अशी अवस्था. लष्कराच्या लोकांनी बाहेर काढलेल्या बायकांजवळ दादी बसून राहिली. कपाळावर, हातावर गोंदण असेल तर हिंदू, हे कुणालाही सांगता येतं. ज्यांच्या हातावर गोंदण नव्हतं त्यांच्या बांगड्या ती बघायची. कोणत्या घरात कोणता माल भरला जातो, कोण हातभर भरते, कोण दोन-दोनच घालते. त्या गावात बांगड्या भरायचे ते तिचेच माहेरचे लोक. भावजयीला तिने अशीच ओळखलं, बकरी ईदला स्वतः भरलेल्या बांगड्यांवरून. हे तिने मला एकदाच सांगितलं. ती त्याबद्दल बोलायची ते वेगळ्याच तक्रारीच्या रूपात. पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी गेली, आखीव रस्ते, रांगेत घरं, प्रत्येक घराभोवती मोकळी जागा. तज्ज्ञांनी पुढे यावर बरंच लिहिलं. दादीचं म्हणणं एका वाक्यात होतं, हाक मारली तर तीनच घरांना ऐकू जाते. जुन्या गावात चौकात एकदा ओरडलं की गल्ली गोळा व्हायची.

आता जिल्ह्याच्या नावाचं. २०२३ मध्ये सरकारने उस्मानाबादचं धाराशिव केलं आणि दोन्ही बाजूंनी बराच धुरळा उडाला. जिल्हा आधी नळदुर्गच्या नावाने होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचं नाव त्याला मिळालं ते १९११ मध्ये ते गादीवर येण्याच्याही आधी, १९०९ च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये ते छापलेलं आहे. खेड्यापाड्यात मात्र शहराला धाराशिवच म्हणत. दादीही. “धाराशीव जाको ख्वाजा की दर्गा पे चादर चढाना,” असा तिचा नवस असायचा, म्हणजे हजरत ख्वाजा शमशोद्दीन गाजींचा दर्गा. तिच्या तोंडून उस्मानाबाद हा शब्द मी फक्त कचेरीच्या कामापुरता ऐकला. टीव्हीवर नामांतराच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा तिने विचारलं, काय झालं? मी सांगितलं की उस्मानाबादचं आता धाराशिव होणार. “तो पैले क्या था?” ती म्हणाली. यातून कुणी आपल्या सोयीचा अर्थ काढू नये. तिला धाराशिव म्हणायला कुणी भाग पाडलं नव्हतं, आणि नाव बदलताना तिला कुणी विचारलंही नव्हतं. ज्या भाषणांत ते नाव बदललं गेलं त्यांत आमच्यासारख्यांना रझाकारांची अवलाद म्हटलं गेलं. ती भाषणं आम्ही टीव्ही बंद करून तिच्यापासून लांब ठेवली.

तिचा जनाजा उठला तेव्हा ओढ्यापलीकडच्या गावांतूनही माणसं आली. कासारांचा नातू, आता त्याचं तुळजापुरात मोबाईलचं दुकान आहे, कब्रस्तानात माती द्यायला आमच्यासोबत रांगेत होता. बायका आमच्या अंगणात बसल्या होत्या. गुस्ल तिने शिकवलेल्या दोघींनीच दिला.

माझ्याकडे तिच्या आवाजाची एक ध्वनिफीत आहे, करोनाच्या आधी फोनवर केलेली, पाऊण तासाची. मी तिला पुलिस एक्शनबद्दल विचारत होतो. पहिली दहा मिनिटं ती त्यावर बोलते. बळद, जातं, सासरे. मग कंटाळून ती गावांची नावं घ्यायला लागते, ज्या क्रमाने पायी लागायची त्या क्रमाने, आणि प्रत्येक गावातल्या बायकांच्या हातांची मापं. या घरची थोरली अडीच, धाकटी सव्वादोन. ती मेली. तिची सून दोन-सहा, हाड मोठं. तिच्या पुढची वाडी, तिथे चार घरं, सगळ्या सव्वादोन. मधेच मी पुन्हा १९४८ चा प्रश्न विचारतो. ती म्हणते, थांब, अजून ओढ्याच्या अलीकडची तीन गावं राहिलीत.